पाण्याला विचारून निघणाऱ्या हिरामावशी

हिरामावशींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी गुडघ्यापर्यंत चिखलात होते आणि त्या माझ्यावर ओरडत होत्या.

कळव्याच्या पुढे खाडीकाठी फ्लेमिंगो उतरलेत असं कळलं, म्हणून मी डोंबिवलीहून कॅमेरा घेऊन एकटीच गेले होते. बांधावरून फोटो मनासारखा येईना. चार पावलं खाली उतरले आणि पाचव्या पावलाला रुतले. एक पाय उपसायला गेले की दुसरा आणखी खोल जात होता. तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"हलू नको! बस खाली!"

मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. "बसू? चिखलात?"

"मंग काय खुर्ची आनू? बस म्हनतंय ना!"

मी बसले. नवीन पंजाबी ड्रेससकट बसले. मग त्यांच्या सांगण्यावरून मागे रेलले, चपलांचा मोह सोडला आणि एकेक पाय हलकेच बाहेर काढला. बांधावर पोचले तेव्हा समोर साठी ओलांडलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, काळीसावळी, काटक बाई उभी होती. कानात सोन्याच्या जाड कुड्या आणि हातात माझा कॅमेरा. मी फेकला तेव्हा तो त्यांनी झेलला होता. "काय करतेस तू?" त्यांनी विचारलं.

"शिक्षिका होते. भूगोल शिकवायचे."

त्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या आणि इतक्या हसल्या, की त्यांना बांधावर टेकावं लागलं. त्या दिवसापासून माझं नाव 'मास्तरीन' पडलं.

हिरामावशी तिथल्याच आगरी. वडील मिठागरात कामाला होते. त्या मिठागरांच्या जागी आता इमारती आहेत आणि त्यांतल्याच एकीत चौथ्या मजल्यावर मावशी राहायच्या. मुलगा, सून, नातवंडं, सगळं घर भरलेलं. तरी रोज सकाळी त्या खाडीवर एक फेरी मारून यायच्या. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "बगायला जातंय. हाय का गेली."

आम्ही डोंबिवलीतल्या सात-आठ जणी महिन्यातून एकदा एखादा किल्ला नाहीतर किनारा बघायला जायचो. मी मावशींना बोलावलं. त्या लगेच तयार झाल्या, पण त्यांची एक अट होती. "दिवस मी ठरवनार." आम्ही रविवार बघायचो, त्या तिथी बघायच्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला पाणी मंद; कुठल्या तिथीला किती वाजता भरती येणार ते त्या बोटांच्या पेरांवर मोजून सांगत. मी हळूच मोबाइल काढून ताडून बघायची. फार तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडे. "आदी पान्याला इचार," त्या म्हणत, "मंग गाडीवाल्याला."

वसईच्या किल्ल्यात मी तयारी करून गेले होते. पोर्तुगीज, मराठे, वेढा, तह, सगळं कागदावर काढलं होतं. मी अर्धा तास बोलले. मावशी तटाच्या चुन्यावरून बोट फिरवत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "मास्तरीन, तू ज्यांची नावं घेतलीस ते आले नि गेले. ह्यो चुना कुनी मळला? नि त्या मळनाऱ्या बायांना प्यायला पानी कुठनं यायचा?" मग आम्ही सगळ्या उन्हातून विहिरी शोधत फिरलो. एकीच्या काठाला दोराच्या घासणीने पडलेल्या खोल खाचा होत्या. मावशींनी त्या एकेक करून चाचपल्या. त्यानंतर कुठल्याही किल्ल्यात गेलो की आम्ही आधी विहीर शोधायचो आणि बुरूज मग.

एकदा एका किनाऱ्यावर जीपला दोर बांधून माणसाला छत्रीने आकाशात उडवत होते. आमच्यातल्या निम्म्या जणी नुसत्या बघूनच घाबरल्या. मावशींनी पदर खोचला आणि गेल्या. खाली आल्यावर मेधाने, आमच्यातल्या सगळ्यात धाकटीने, विचारलं, "मावशी, भीती नाही वाटली?"

"हवेची कसली भीती? हवा काय वर चढत येते?"

आम्ही हसलो. पण मला एक गोष्ट दिसत होती. एवढ्या धीट बाईने कधी घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. आम्ही लाटांत डुंबायचो, त्या वाळूत आमच्या चपला सांभाळत बसायच्या. पोहता येत नाही, असं एकदाच म्हणाल्या होत्या.

मग अलिबागची सहल झाली. तिथला कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं. मावशींनी पंचमी निवडली. सकाळी आम्ही घोटाभर पाण्यातून आत गेलो. जातानाच त्यांनी बजावलं, "वारा समुद्राकडनं हाय. साडेदहाला निघायचं." मी मोबाइलवरचं वेळापत्रक दाखवून म्हटलं, साडेअकरापर्यंत हरकत नाही. फोटो, देऊळ, तटावरची फेरी, असं करत आम्ही दरवाजाशी आलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि समोरची वाट पाण्याखाली गेली होती. दूरवर काही माणसं मांडीभर पाण्यातून हसत-ओरडत किनाऱ्याकडे चालली होती.

"ते जातायत ना, मग आपण का नाही?" मी म्हटलं. मेधाच्या घरी संध्याकाळी पाहुणे यायचे होते, तिची घाई चालली होती.

"नाय जायाचा," मावशी म्हणाल्या. "दुपारी होडी मिलंल. तवा जाऊ."

आणि मी, चारचौघींत, बोलून गेले, "तुम्हाला पोहता येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी अडकून बसायचं का?"

मावशींनी पायातल्या चपला काढून कमरेला खोचल्या, वाळूतली एक काठी उचलली. "बाकीच्यांनी हितंच ऱ्हावा. तुमी दोघी ऐकनार नाय, तर मी फुडं. माज्या पावलावर पाय टाका."

त्या पुढे, मागे मेधा, शेवटी मी. काठीने चाचपत, खडक टाळत त्या चालल्या होत्या. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. एका लाटेने मेधाचा पाय सुटला आणि ती रडायलाच लागली. मी तिचा दंड धरला, पण माझ्याही पायाखालची वाळू सरकत होती. मावशी थांबल्या. पुढे किनारा अजून खूप दूर होता. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा तसा पाहिला. ओठ पांढरे पडले होते. पण आवाज रोजचाच होता.

"मागं फिरा. हात सोडू नका."

"एवढं आलोय तर..." मी म्हटलं.

"मास्तरीन! फीर!"

आम्ही फिरलो. किल्ल्याच्या दगडावर पाय ठेवल्यावर मावशी मटकन खाली बसल्या. दहा मिनिटांनी आम्ही जिथून वळलो होतो, तिथे लाटा फुटताना दिसल्या.

आतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी सोडली. बाकीच्या जणी खाऊन सावलीत आडव्या झाल्या. मग मला एकटीलाच त्यांनी सांगितलं. त्या सोळा वर्षांच्या आणि बहीण काशी तेरा वर्षांची. दोघी बापाची भाकरी घेऊन मिठागरावर गेल्या होत्या. येताना बांधावरून फेरा पडतो म्हणून खाडीच्या फाट्यातून निघाल्या. भरती लागली होती. काशी मध्येच रुतली. पाणी तिच्या गळ्याशी आलं तेव्हा एका कोळ्याच्या होडीने तिला ओढून काढलं. महिनाभर तापाने फणफणली. मग तिला मामाकडे आंबिवलीला धाडलं आणि लग्नही तिकडेच झालं. त्यानंतर तिने खाडी पाहिली नाही, समुद्र तर नाहीच.

"मीच म्हनलं होतं, चल गो, काय नाय होत," मावशी म्हणाल्या. "लग्नाकार्याला भेटतो. ती हसते, बोलते. पन तो विषय नाय. पन्नास वरसं होत आली."

दुपारी होडीने आम्ही परतलो. माझ्या तोंडून माफीचा शब्द बाहेर आला नाही. शिक्षकांना तो लवकर सापडत नाही.

पुढच्या वर्षी मावशींचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चढउतार बंद केली. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "एक काम कर. काशीला समुद्र दाखवायचाय. ती नाय म्हनंल. तू मास्तरीन हाय, तुज्यापुढं गप बसंल."

आम्ही दोघी रिक्षाने आंबिवलीला गेलो. काशीबाई धाकट्या असूनही मावशींपेक्षा थोराड दिसत होत्या, शांत. मी भाषणच तयार करून गेले होते, पण त्याची गरज पडली नाही. समुद्राचं नाव निघताच मावशींच्या तोंडाकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "कवा जायाचा?"

गाडी करून केळव्याला गेलो. तिथे किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली दोघी बसल्या. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. बराच वेळ काशीबाई नुसत्या बघत होत्या. मग मावशी एकदम म्हणाल्या, "काशे, त्या दिवशी मी तुला नेलं नसतं तर..."

"तू कुठं नेलंस?" काशीबाई म्हणाल्या. "तू बांधावरनंच चल म्हनत होतीस. मीच हात सोडून पान्यात धावले. मना भूक लागली होती."

"मी म्हनलं होतं, चल गो म्हनून!"

"मी रुतल्यावर म्हनलंस. हात धरून. चल गो, काय नाय होत."

मावशींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, त्या आता रडणार. पण त्या चिडल्या. "मंग येवढी वरसं बोलली का नाय?"

"तू इचारलं कवा?"

मावशींनी वाळूची मूठ भरून बहिणीच्या मांडीवर टाकली. काशीबाईंनी ती झटकली नाही. काही वेळाने बघितलं तर दोघी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग हात धरून पाण्याकडे गेल्या. दोघींच्याही साड्या गुडघ्यापर्यंत भिजल्या.

परत येताना काशीबाईंना आंबिवलीला सोडलं. गाडीत आम्ही दोघीच राहिलो. मी विचार केला, आता नाही तर कधीच नाही. "मावशी, त्या दिवशी किल्ल्यात मी जे बोलले ना, पोहता येत नाही म्हणून... त्याबद्दल मला माफ करा."

मावशींनी खिडकीतून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "कवा बोललीस? मना तर काय आठवत नाय." आणि त्यांनी माझ्या हातात उरलेली अर्धी भाकरी दिली.

तीन महिन्यांनी, एका सकाळी डॉक्टरांना न जुमानता खाडीवरून फेरी मारून आल्यावर, त्या खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या. काशीबाई आता आमच्याबरोबर येतात. तिथी त्यांना मोजता येत नाही, ते काम मीच करते. गेल्या महिन्यात घोडबंदरच्या किल्ल्यात मी त्यांना अलिबागची सगळी हकिगत सांगून विचारलं, "मावशींना माझं ते बोलणं खरंच आठवत नसेल का हो?"

काशीबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आठवत असनार," त्या म्हणाल्या. "तिला सगळं आठवायचं. पन ती तुला तसं सांगनार नव्हती."