टेंपमध्ये ठेवलेलं अण्णांचं भजन

मंडळी, गंभीर तक्रार आहे. आमचा संगणक इतका मंदावला होता की एक फाइल उघडेपर्यंत कुंभकोणमची डिग्री कॉफी गार व्हायची. आज सकाळी वैतागून तो बंद करून पुन्हा सुरू केला, तर कालचं ध्वनिमुद्रण गायब!

चेन्नईच्या लेकीला फोन लावला.

"अप्पा, टेंपमध्ये ठेवलंत? ते फोल्डर मेमरीत असतं. मशीन बंद, की रिकामं."

"पण मेमरी भरली की स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर जातं, असं तूच म्हणालीस."

"जातं हो. पण पुन्हा सुरू केल्यावर स्वॅपमधलं काय कुणाचं, हे मशीनला ठाऊकच नसतं. एवढं न्यायशास्त्र शिकलात, सेव्ह करायला शिकला नाहीत! कुठली फाइल?"

"अण्णांचं भजन."

"दुसरी प्रत आहे ना?" तिनं विचारलं. नव्हती.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, गोविंदपुरमच्या विठ्ठलापुढे गाणारे. तोवर ते ऑपरेशन थिएटरात गेले होते. दुपारी त्यांचं स्वरयंत्र काढलं. शुद्धीवर आले की पाटीवर लिहून तेच भजन मागतील.

काय सांगू त्यांना? त्याची भीती आहेच. पण खरी भीती वेगळी आहे. त्यांचा आवाज हळूहळू मलाच आठवेनासा होईल.