लख्खरावांनी जंतू पाळले

लख्खरावांचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. डेअरीत रात्रीचं दूध पिशव्यांत भरून गाड्यांवर चढलं की मोठ्या टाक्या रिकाम्या व्हायच्या आणि सकाळचं दूध यायच्या आत त्या धुऊन तयार ठेवाव्या लागायच्या. ते काम त्यांचं. आधी गार पाणी, मग सोड्याचं कढत पाणी, मग पुन्हा साधं पाणी, शेवटी वाफ. टाकीच्या आत उतरायचं, गुडघ्यांवर बसायचं आणि झाकणाच्या खाचेतून, नळाच्या वाकणातून ब्रश फिरवायचा, कारण दूध नासवणारे जंतू तिथंच दडी मारतात. बाहेर आलं की अंगावरचा सदरा पिळून काढावा लागे. मग लॅबवाल्या बाई कापसाचा बोळा आतून फिरवून नेत आणि दुसऱ्या दिवशी सांगत, काही सापडलं नाही. तेवढ्यावर लख्खराव खूश असत. नव्या माणसाला ते एकच गोष्ट शिकवत: टाकी लख्ख हवी. त्यावरून सगळे त्यांना लख्खराव म्हणत; खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवे.

घरीही तोच खाक्या. बायको म्हणायची, यांच्यासमोर चहाचा कप ठेवायची सोय नाही, पिऊन व्हायच्या आत धुऊन टाकतील.

अशा घरात ताई राहायला यायची होती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून दुसऱ्या गावात भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. जिन्यावरून पाय घसरून घोटा दुखावला, तेव्हा लख्खरावांनी फोनवर सांगून टाकलं की आता पुरे, इकडे ये. ती लगेच हो म्हणाली नाही. तिच्याकडे दोन सोनमासे होते, मेहुण्यांनी हौसेनं आणलेले. एकाला ती मोठा म्हणायची, दुसऱ्याला धाकटा. ते घेऊन येईन म्हणाली, आणि खोली इतक्यात सोडणार नाही म्हणाली.

"महिनाभर बघू. मासे रमले तर मीही रमेन."

हसतच म्हणाली, पण भावाला तिचं हसणं लहानपणापासून ठाऊक होतं. ती पाहुणी म्हणून येत होती, आणि राहायचं की नाही ते अजून ठरायचं होतं.

तिला आणायला ते डेअरीचा टेम्पो घेऊन गेले. मासे ज्या काचेच्या टाकीत होते ती बघून त्यांना कसंसंच झालं. काचेवर हिरवट थर, तळाच्या खड्यांत काळपट गाळ, आणि फिल्टरचा स्पंज तर चहाच्या चोथ्यासारखा. यात हे मासे जगले कसे, असं त्यांनी विचारलंसुद्धा. ताई म्हणाली, जगले खरे.

त्यांनी मनाशी ठरवलं की बहिणीला आल्याआल्या काहीतरी चांगलं दिसलं पाहिजे. दुप्पट मोठी टाकी आधीच आणून ठेवली होती. मासे बादलीत ठेवले आणि जुन्या टाकीतलं सामान घेऊन ते गच्चीवर गेले. खड्यांवर तीन-तीनदा उकळतं पाणी ओतलं. स्पंज उकळत्या पाण्यात पिळला, पुन्हा पिळला, त्याचा मूळचा निळा रंग दिसेपर्यंत पिळला, आणि कडक उन्हात वाळवला. नवी टाकी बैठकीच्या खोलीत भिंतीशी मांडली. त्याच खोलीत ताईची घडीची खाट होती. नळाचं पाणी भरलं, पंप लावला, मासे सोडले. टाकीपलीकडच्या भिंतीचा पोपडासुद्धा पाण्यातून दिसत होता. ताईनं काचेला बोट लावलं आणि छान आहे म्हणाली.

दोन दिवस छान होतं. तिसऱ्या दिवशी लख्खराव कामावरून आले तर पाणी दुधाळ. त्यांना ते पाणी ओळखीचं वाटलं. दुधाची टाकी पहिल्यांदा विसळली की असंच पाणी बाहेर पडतं, पांढुरकं आणि आंधळं. त्यावरचा उपायही त्यांना पाठ होता. सगळं पाणी काढलं, खडे धुतले, स्पंज उकळला, काच घासली आणि खालच्या नळावरून बादल्या भरभरून वर आणल्या. दोन मजल्यांच्या पायऱ्या. संध्याकाळी पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दुधाळ.

त्यांनी पुन्हा धुतलं. ताई खाटेवर बसून बघत होती. इतकं धुवायला नको बहुतेक, असं ती हळूच म्हणाली. लख्खरावांच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. ते म्हणाले, ताई, धुणं तेवढं माझ्यावर सोड.

आता मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडी ठेवून हवा गिळू लागले होते. कल्ले लाल दिसत होते. खायला टाकलेलं तसंच तळाला जात होतं. लख्खराव आता रोजच टाकी धुऊ लागले. आणि एका सकाळी धाकटा टाकीच्या कोपऱ्यात आडवा तरंगताना दिसला. ताईनं त्याला चहाच्या गाळणीनं उचललं, खिडकीतल्या कुंडीत पुरलं, गाळणी घासून जागेवर ठेवली. दुपारी ती फोनवर घरमालकाला विचारत होती की खोलीला दुसरं कुणी विचारत तर नाही ना. लख्खराव जेवत होते.

ते ताटावरून तडक उठले, हात धुतले, एका बाटलीत टाकीतलं पाणी भरलं आणि माशांच्या दुकानात गेले. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून एका पंपाशी झटापट करत होता. त्यानं पाणी छोट्या नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले, नळी हलवली आणि उजेडाकडे धरली. पिवळं पाणी बघता बघता गडद हिरवं झालं.

"अमोनिया," दुकानदार म्हणाला. "बराच."

लख्खरावांना ते पटेना. अमोनिया त्यांना माहीत होता. डेअरीच्या शीतगृहाच्या पाइपांतून तोच खेळवलेला असतो. एकदा जोड सुटला होता तेव्हा डोळ्यांतून धारा लागून माणसं आवाराबाहेर पळाली होती. तो जिना चढून आपल्या घरात कसा येईल? त्यांनी बाटलीला नाक लावलं. काही वास नाही.

"तुम्हाला नाही येणार. माशाला कळतो. तोच सोडतो ना. आणि न खाल्लेलं अन्न कुजून होतो तो वेगळा."

"मग जुन्या टाकीत नव्हता का?"

"असणार. पण तिथं त्याला खाणारे होते. डोळ्यांना न दिसणारे. स्पंजात, खड्यांत, काचेवर वस्ती करून असतात. त्यांचं काय केलंत?"

लख्खरावांनी दुकानातल्या टाक्यांवरून नजर फिरवली. एकाही टाकीतला स्पंज निळा नव्हता.

"उकळत्या पाण्यानं धुतलं," ते म्हणाले.

"आणि मग?"

"मग परत धुतलं."

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि या गिऱ्हाइकाला नीट पाहिलं. काय करता, असं विचारलं. उत्तर ऐकून त्याला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. मग समजावून सांगितलं. जंतूंची एक जात अमोनिया खाते आणि दुसरं एक विष सोडते. दुसरी जात ते विष खाते आणि त्याचं जे करते त्यानं माशाला फारसा त्रास होत नाही. दोन्ही वस्त्या बसायला आठवडे लागतात. पाणी दुधाळ दिसतं ते तिसऱ्याच जंतूंमुळे. नव्या टाकीत ते असेच उसळतात आणि रोज नवं पाणी मिळालं की रोज नव्यानं उसळतात. त्यांना हात लावला नाही तर आपणहून बसतात. शिवाय नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते उडून जायला पाणी रात्रभर उघडं ठेवावं लागतं.

"मग काम काय करू?" लख्खरावांना तेवढंच हवं होतं.

"रोज पाव टाकी पाणी बदला. खायला चिमूटभर, तेही एक दिवसाआड. बाकी वेळ हात मागं बांधून बसा. जमेल?"

जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. दुकानदारानं आपल्या एका जुन्या टाकीतला काळपट, बुळबुळीत स्पंज काढला, त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घातला आणि दोन्ही विषं तपासायच्या थेंबांच्या दोन बाटल्याही दिल्या. स्पंज वाळू द्यायचा नाही, धुवायचा नाही, थेट फिल्टरमध्ये घालायचा.

पिशवी पुढे धरून ते घरी आले. दार बायकोनं उघडलं.

"अहो, हे काय उचलून आणलंत?"

"जंतू."

तिनं पिशवीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथं खुर्चीवर बसून पदर तोंडाला लावला. तिचं हसणं संपेपर्यंत त्यांनी स्पंज बसवला होता.

ताईला त्यांनी दुकानदाराचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिला त्यात नवं काही वाटलं नाही असं त्यांच्या लक्षात आलं. तुझे मेहुणे, ती म्हणाली, टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोनदा पिळायचे आणि परत घालायचे. नळाखाली धरलेला मी कधी पाहिला नाही. कारण मला ठाऊक नव्हतं, पण मी तसंच करत आले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की एकदा."

"एकदाच?"

"घर तुझं, टाकी तू आणलेली, बादल्या तू वाहत होतास. दुसऱ्याच्या घरात माणूस किती वेळा सांगणार?"

लख्खराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पण तिथं कुंडी होती, म्हणून स्वयंपाकघरात गेले.

पुढचे दिवस त्यांना टाकीत उतरण्यापेक्षा जड गेले. पाव टाकी पाणी बदलायला किती वेळ लागणार? मग उरलेली दुपार हात कुठं ठेवायचे? ते टाकीसमोर स्टूल टाकून बसू लागले. नळीत थेंब टाकायचे, रंग बघायचा. हिरवा, पुन्हा हिरवा, जरा फिका वाटतोय का, नाही, हिरवाच. मोठा एका जागी कल्ले हलवत पडलेला असायचा. पण बसून बसून त्यांना एक वेगळंच कुतूहल लागलं. ज्यांना मारण्यात उभी हयात गेली त्यांच्याबद्दल आपल्याला काहीच माहिती नाही. ते काय खातात, झोपतात का, स्पंजातून खड्यांपर्यंत कसे जातात?

त्यांनी लॅबवाल्या बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, लख्खराव, इतकी वर्षं तुम्ही जंतू नाहीत ना म्हणून विचारायला येता, आज आहेत कसे म्हणून विचारताय, तब्येत बरी आहे ना? पण मग हातातलं काम ठेवून त्यांनी सांगितलं. हे जंतू फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे एका तासात दोनाचे चार, चाराचे आठ होतात; यांना दुप्पट व्हायला दिवस उलटतो. चिकटून राहायला जागा लागते आणि वाहत्या पाण्यातली हवा लागते. लख्खरावांना हे आवडलं. कष्टाळू दिसतात, म्हणाले, घाई नाही.

मग एके दिवशी ते कामावरून आले तर पाणी निवळलेलं होतं. कुणी काही केलं नव्हतं. त्यांना आनंद झाला आणि थोडा अपमानही वाटला. नळीतला रंग हिरव्यावरून पोपटीवर आला, पोपटीवरून पिवळ्याकडे झुकला. मधेच दुकानदारानं सांगितलेलं दुसरं विष वाढलं तेव्हा ते पुन्हा घाबरे झाले, दिवसाला दोनदा पाणी बदललं. मग तेही उतरलं. मोठा तळाशी जाऊन खडे तोंडात घेऊन थुंकू लागला. ताई म्हणाली, ही त्याची जुनी खोड.

पण काचेवर आता तपकिरी पापुद्रा धरला होता. स्पंजाचा निळा रंग कधीच गेला होता. एका सुट्टीच्या दुपारी लख्खरावांना राहवेना. त्यांनी बाह्या सारल्या, घासणी घेतली आणि टाकीचं झाकण उचललं.

"घासणी खाली ठेव."

ताई खाटेवरून उठली होती. लहानपणी ज्या आवाजात ती त्यांना विहिरीच्या काठावरून मागं बोलवायची, तो आवाज होता.

"फक्त समोरची काच, ताई. दिसत नाही नीट."

"मला दिसतंय. एकदा सांगून कळत नाही तुला, म्हणून दहादा सांगेन. हात लावशील तर बघ."

स्वयंपाकघरातून बायकोनं डोकावलं आणि गुपचूप मान आत घेतली. लख्खरावांनी घासणी खाली ठेवली. त्यांना रागवायला हवं होतं, पण ते हसले, आणि हसलेलं दिसू नये म्हणून झाकण लावायला वाकले.

महिना संपायच्या आत ताईनं घरमालकाला फोन केला. लख्खराव कामावर होते. बायकोनं नंतर सांगितलं. खोली कुणालाही द्या म्हणाली, आणि भांडी आणायला टेम्पो कधी मिळेल ते भावाला विचारून सांगते म्हणाली.

उन्हाळ्यात डेअरीत दुधाच्या गाड्या वाढल्या तेव्हा लख्खरावांनी जादा पाळ्या घेतल्या. सकाळच्या टाक्या झाल्या की दुपारच्याही. पाठ भरून यायची. बायकोला वाटलं, दुचाकी घ्यायचं मनात आहे. त्यांनी एक दिवस सुतारालाच घरी आणलं. बैठकीच्या खोलीत फळ्यांची भिंत घालून ताईला वेगळी खोली करायची होती. सुतारानं टेप लावून मापं घेतली आणि टाकी हातभर सरकवा, म्हणजे भिंत सरळ जाईल, असं सांगितलं. लख्खराव म्हणाले, टाकी हलणार नाही, खडे ढवळले जातील, भिंत काय हलवायची ती हलवा. सुतारानं ताईकडे पाहिलं. ताईला दार कोणत्या बाजूला उघडावं याची जास्त काळजी होती, आणि ते तिनं त्याला तीनदा सांगितलं.

जादा पाळ्यांची कमाई त्यात गेली: एक लाकडी भिंत, जी टाकीपाशी आली की थोडी वाकडी होते, आणि एक दार, ज्याची कडी आतून लागते.