प्याला कपाटात गेला ते वर्ष

आमच्या मंडळीत किळस हा शब्द कुणी वापरत नाही. आमच्याकडे तिला स्वच्छता म्हणतात.

मी मेहरूणमध्ये वाढलो. वडील चर्चच्या पंचकमिटीवर, आणि ख्रिस्ताच्या आठवणीत सगळे मिळून घेतात तो प्रभुभोजनाचा रस आमच्याच घरी व्हायचा. आई शनिवारी मनुका उकळून फडक्यातून गाळायची. रविवारी तो रस एका मोठ्या प्याल्यात ओतला जायचा. आधी पाळक प्यायचे, मग त्याच प्याल्यातून सगळी मंडळी. प्रत्येकानंतर रुमालानं कड पुसायची, झालं. पाळकांच्या मिशा त्यात बुडायच्या. कुणाला कधी मळमळलं नाही.

सगळी मंडळी म्हणजे बाकांवरची मंडळी. मागं सतरंजीवर शिंदखेड्याकडून केळीच्या मजुरीला आलेले भिल्ल बसायचे. त्यांचा बाप्तिस्मा झालेला, पण दृढीकरण, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासदत्व, नाही. त्याची परीक्षा पास झाल्याशिवाय प्रभुभोजन मिळत नाही. "त्यांची शिकवण पुरी व्हायचीय," हे कमिटीचं वर्षानुवर्षांचं पालुपद.

त्यांच्यातल्या एका म्हातारीनं मनावर घेतलं. तिला सगळे अक्का म्हणत. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, वेदीवर पहिली मेणबत्ती लागली त्या दिवशी, तिनं मला दारात अडवलं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो.

"भाऊ, तू कागद छापस ना? मंग माले शिकाड. माले बठ्ठासना संगे पेनं शे."

सगळ्यांबरोबर प्यायचंय. एवढंच तिचं मागणं.

मी दहा आज्ञा म्हणून दाखवायचो, ती केळीचे घड उचलताना घोकायची. नाताळाआधी परीक्षा झाली. पाळकांनी नेमकी व्यभिचाराची आज्ञा समजावून सांगायला लावली. अक्का म्हणाली, "ह्या वयमा माले हाई इचारस का, बाबा?" सतरंजी हसली, बाक हसले नाहीत. नापास. ईस्टरआधीच्या उपासकाळात ती पुन्हा उभी राहिली आणि एक शब्द चुकली नाही. आता काय करणार? ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तिचं दृढीकरण झालं.

घरी वडील भडकले.

"आज ती, उद्या तिच्यामागं सगळी वस्ती येईल."

"येऊ द्या की."

"तंबाखू चघळते ती. तिच्या तोंडाला तोंड लावायचं?"

"तुम्ही पान खाता, बाबा."

"जीभ आवर."

"आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. तुम्हीच सांगता ना?"

आईनं पातेलं आपटलं. "जेवा आता दोघं."

कमिटीनं तोडगा काढला: नवीन माणसांनी सर्वांत शेवटी यावं. शेवटी आलं की त्यांच्यामागून कुणाला प्यावं लागत नाही. आजोबांनी धर्म बदलला तो कशापायी? नातवंडांना कुणाला तरी शेवटी बसवता यावं म्हणून?

ईस्टरची पहाटेची उपासना आमच्याकडे कब्रस्तानात होते. प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी उभं राहतं. टेबल दरवर्षी मधोमध, संगमरवरी कबरींजवळ असायचं. त्या वर्षी पाळकांना हौस आली, आपल्या पाठीमागं सूर्य उगवावा. त्यांनी टेबल पूर्वेच्या कुंपणाशी नेलं. तिथं कोण पुरलंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. नुसते मातीचे उंचवटे. त्यातल्या एकाखाली अक्काचा नवरा.

पाळकांनी आमंत्रणाचे शब्द वाचले आणि अक्का दोन पावलांत टेबलापाशी. सगळ्यांच्या आधी. तिला मागं ढकलायचं धाडस कुणाला होईना. ती गुडघ्यांवर बसली आणि प्यायली.

"गोड शे," ती म्हणाली.

पाळकांनी कड पुसली. पुन्हा पुसली. रुमालाची दुसरी बाजू काढून पुन्हा पुसली. मग प्याला पुढं धरून उभे राहिले. जागचं कुणी हललं नाही. कुणी कबरीवरची फुलं नीट करायला लागलं. एकीनं पदर नाकाला लावला. एक गृहस्थ पुटपुटले, "माझा आज उपास आहे." ईस्टरला उपास! आई एक पाऊल पुढं आली, तर वडिलांनी तिचं कोपर धरलं. तोंडानं सगळे पुनरुत्थानाचं गाणं म्हणत होते.

मी गेलो. प्याल्याला तंबाखूचा वास येत होता. येऊ दे. माझ्यामागं कुणीच आलं नाही.

उरलेला रस पाळकांनी स्वतः संपवायचा, असा आमच्यात नेम आहे. त्यांनी तो कुंपणापलीकडं भिरकावला.

अक्कानं पाहिलं. "काबर फेकी दिधं?"

"तुझं तोंड लागलं म्हणून," मी सांगितलं. गोडगोड बोलायला मला जमत नाही.

"आसं का," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या मातीवरचं गवत उपटत बसली.

त्या आठवड्यात मी कब्रस्तानातला सगळा प्रकार लिहून पत्रक काढलं आणि चर्चच्या दाराला डकवलं. कमिटीनं उत्तर म्हणून पुण्याहून काचेचे इवलेसे ग्लास मागवले. प्रत्येकाला वेगळा. आरोग्याच्या दृष्टीनं! जुना प्याला पुसून कपाटात गेला. पवित्र आत्मा सगळ्यांवर उतरला त्याच्या सणाला, पेन्टेकॉस्टला, ग्लासांचं उद्घाटन झालं. जो तो आपापला घोट घेऊन खूश.

उपासना संपल्यावर पाळकांनी उष्ट्या ग्लासांचा ट्रे अक्काच्या हातात दिला. "अक्का, तेवढे नळावर विसळून आण."

तिनं ट्रेकडं पाहिलं. मग बाकांकडं.

"तुमना उष्टा मी धवू, अनी मना उष्टा तुमले चालस नही?"

माझे वडील पहिल्या बाकावर होते. तिनं ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवला आणि चालती झाली. त्यांच्या पांढऱ्या पँटवर रसाचे डाग पडले.

अक्का अजून येते. सतरंजीवर बसते, गाणी म्हणते, आणि ग्लास फिरायला लागले की उठून बाहेर जाते. मीही जातो. बाहेरून मागचा नळ दिसतो. उपासना संपली की तिथं वडील ओणवे होऊन एकटेच ग्लास विसळत असतात. कमिटीतलं दुसरं कुणी हात लावायला तयार नाही. उष्टे आहेत म्हणे.