सॅड म्हणजे पोट भरलेला

घरत सर गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी पनवेलच्या एसटी स्टँडसमोर चहा पीत उभा होतो. "काका, बाबा गेले... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी कपातला चहा संपवला. का संपवला कोण जाणे. मग मोबाइल काढून सरांचा आदल्या दुपारचा मेसेज पुन्हा वाचला. 'व्हेरी सॅड टुडे.' त्याखाली माझं उत्तर होतं, 'किती बोंबील हाणले?'

हे उत्तर कळायला थोडं मागे जावं लागेल. आम्ही दोघं एकाच शाळेत, ते इंग्रजीला, मी मराठीला. सर उलव्याकडच्या गावातले, खाडीत जाळं टाकणाऱ्या घरातले पहिले मास्तर. शब्दांची कुळं शोधायचं त्यांना वेड होतं. ते सुरू झाले की बाकीचा स्टाफ वह्या तपासायच्या आहेत म्हणून उठायचा, आणि मला उठायचाही कंटाळा, म्हणून मी ऐकायचो. एकदा मधल्या सुट्टीत डबा संपवून त्यांनी ढेकर दिला आणि म्हणाले, "आय ॲम सॅड." मी घाबरून काय झालं विचारलं, तर स्वारी खूश. म्हणे, हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडात सॅड म्हणजे पोट भरलेला, तृप्त. पोट भरलेल्याला पुढचा घास नको होतो, म्हणून मग सॅड म्हणजे विटलेला, शिणलेला. तो जड होतो, म्हणून सॅड म्हणजे जड. जड माणूस जागचा हलत नाही, म्हणून काही काळ सॅड म्हणजे चक्क भरवशाचा, गंभीर. गडद रंगही सॅड, न फुगलेला पावही सॅड. उदास हा अर्थ मागाहून येऊन बसला आणि बाकीच्यांना त्याने हुसकावून लावलं.

तेव्हापासून आमच्यात जुनाच अर्थ चालायचा. लग्नाच्या पंगतीतून उठताना आम्ही एकमेकांना 'सॅड' म्हणायचो आणि आजूबाजूचे चमकून बघायचे. त्यांच्या घरी जेवायला गेलो की तांदळाची एखादी भाकरी फुगायची नाही. "ही सॅड भाकरी माझी," म्हणत सर ती आपल्या ताटात ओढून घ्यायचे. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, पण न फुगलेल्या भाकरीला त्याही सॅडच म्हणू लागल्या.

पुढे गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि सर करंजाड्याला फ्लॅटमध्ये आले. गावचं घर अजून उभं होतं. ते कधी पाडणार हे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. लिफ्ट आहे, बरं झालं, असं काहीतरी म्हणालो होतो. त्या रविवारी तो शेवटचा मेसेज आला तेव्हा मला वाटलं, कुणाकडे तरी हळदीचं जेवण असणार, सर पोटभर जेवलेत. उत्तर पाठवून मी झोपलो. पनवेल ते करंजाडे, रिक्षाने किती वेळ लागतो?

महिन्याभराने वहिनींना भेटायला गेलो. जायची इच्छा नव्हती. पण रविवारी सर कुठे जेवले होते हे मला विचारायचं होतं, आणि त्यांनी कुणाचं तरी नाव सांगावं अशी मनातून फार इच्छा होती.

"जेवले कुठं?" वहिनी म्हणाल्या. "घर पाडलं ना त्या दिवशी. सकाळपासून तिथंच उभे होते. आले नि भिंतीकडं तोंड करून बसले. आमी लय सांगितलं, पन एक घास खाल्ला नाय."

त्या शब्दाचे सगळे अर्थ मला पाठ होते. पाचवीच्या वर्गाला विचारलं असतं तर जो सांगितला असता, तेवढा एकच मला सुचला नव्हता. सरांनी तो शब्द साधा वापरला होता, आणि माझ्या उत्तरानंतर ते पुन्हा काही बोलले नाहीत. याची मला लाज वाटते. आता थकवाही येतो.

वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिसरी भाकरी फुगली नाही. त्यांनी सवयीने ती बाजूला काढली, सरांच्या बाजूला... मग थांबल्या, आणि माझ्या ताटात वाढली. मी ती पूर्ण खाल्ली. "पोट भरलं?" त्यांनी विचारलं.

"भरलं, वहिनी," मी मराठीत सांगितलं.