तिसरी फवारणी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, आणि एकदा ताई म्हटलं की काम सांगायला कुणाची जीभ अडखळत नाही. बाटल्या धुवायच्यात, ट्रे उचलायचेत, दुसऱ्याची पाळी करायचीय? ताई आहे ना. घरी अंथरुणाला खिळलेली आई, तीही धाकट्या भावाने अशीच तिच्या गळ्यात टाकलेली. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. खरं सांगायचं तर ती फार थकली होती.

त्या आठवड्यात तिने ट्रेभर तणावर तणनाशक फवारलं. हे औषध तणाला उपाशी मारत नाही, वाढवून मारतं. रोपाच्या पेशीत वाढीला लगाम घालणारी प्रथिनं असतात. वाढीचं संप्रेरक आलं की त्या लगामांवर खूण होते आणि पेशीतलंच मोडतोडीचं यंत्र त्यांचे तुकडे करतं. मग वाढ सुरू. औषध याच संप्रेरकाचं सोंग घेऊन येतं आणि जायचं नाव घेत नाही. लगाम मोडतच राहतात, रोप वेडंवाकडं वाढत सुटतं आणि शेवटी मरतं.

सगळी रोपं पिळवटून आडवी झाली. एक मात्र ताठ उभं.

'माझ्याच हातून सुटलं असणार,' म्हणत ताईने ते पुन्हा फवारलं. मग आणखी एकदा. रोप ढिम्म. शेवटी तिने खालमानेने सरांना आपली चूक सांगितली. सरांनी पान तपासायला नेलं.

"तुमचं काही चुकलं नाही, ताई," तपासणीनंतर ते म्हणाले. "याच्या लगामाचा एवढासा तुकडा बदललाय. खूणच होत नाही, मग मोडणार कसा? फवारा कितीही."

ताईला त्या रोपाचा चक्क हेवा वाटला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याला बायकोमुलांना घेऊन फिरायला जायचं होतं. तेवढे दिवस त्याच्या सासऱ्यांना हिने सांभाळावं.

"आईचं करतेसच ना, ताई. त्यात आणखी एक."

"नाही जमणार."

"अगं, थोडेच दिवस."

"नाही."

मग त्याने तो हळवा आवाज काढला, ज्याला ती आजवर दरवेळी बळी पडली होती. "तुझ्याशिवाय मला कोण आहे गं?"

"नाही म्हटलं ना," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"कोण होतं गं?" आतून आईने विचारलं.

"तुझा लेक."

"काय करतोय?"

"फवारतोय," ताई म्हणाली, आणि आईच्या मानेखाली हात घालून तिला पाणी पाजू लागली.