चारशे बारा चित्रं आणि एक पान

मंडळाच्या ऑफिसात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. पाठीमागे खवचट, आणि अगदीच काम पडलं तर तोंडावर खवचटराव. त्यांना दोन्ही चालायचं. घरं बांधणाऱ्या या सरकारी मंडळाचा स्वतःचा छापखाना होता तेव्हा ते तिथे मुद्रितं तपासत. एकोणीस वर्षं अहवाल, निविदा, परिपत्रकं असा कुणीही वाचू नये असला मजकूर त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचला, आणि त्यातून एकच गोष्ट शिकले: माणूस जितका वरच्या खुर्चीवर, तितकं त्याचं वाक्य भिकार.

मग छापखाना बंद झाला. यंत्रं भंगारात गेली आणि खवचटराव वेबसाइट विभागात गेले. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन संगणक, एक गळका एसी आणि त्याच्याखाली ठेवलेली बादली. बादली भरली की ओतायची, हे त्यांचं पहिल्या वर्षातलं मुख्य काम.

अशात वरून आदेश आला. सगळ्या सार्वजनिक संस्थांनी आपापली वेबसाइट दिव्यांगांना वापरता येईल अशी करावी, तीन महिन्यांत. साहेबांनी बैठक बोलावली. हे मुख्य साहेब म्हणजे इस्त्री केलेलं अज्ञान. "मला एक सांगा," ते म्हणाले, "ज्याला दिसतच नाही, तो आपली साइट बघेल कशाला?"

टेबलाभोवतीच्या नऊ माना हलल्या. वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीची इंजिनिअरबाई तेवढी हलली नाही. तिने आपला फोन टेबलावर ठेवला, त्यातला वाचून दाखवणारा आवाज चालू केला आणि मंडळाची साइट उघडली. फोन म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र. चित्र." चौदा वेळा तेच.

"न दिसणाऱ्या माणसाला आपली साइट अशी ऐकू येते," ती म्हणाली. "प्रत्येक चित्रामागे त्यात काय आहे ते लिहावं लागतं. ते पडद्यावर दिसत नाही, फक्त फोन वाचतो. आपल्याकडे एकाही चित्रामागे ते नाही."

"किती चित्रं आहेत?"

"चारशे बारा."

"शुद्धलेखनवाल्याला द्या," साहेब म्हणाले आणि उठले. साइट सुधारण्याबद्दल त्यांची स्वतःची कल्पना वेगळी होती. कुठल्याशा दौऱ्यात त्यांनी एका संस्थेची साइट पाहिली होती, तिच्यावर जिकडेतिकडे झाडाची हिरवी पानं होती. त्यांना ती फार आवडली होती.

खवचटरावांनी हे काम नाक मुरडून घेतलं, पण घरी गेल्यावर ताईला सांगितलं. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत विज्ञान शिकवायची. काचबिंदूने दृष्टी गेली ती निवृत्तीच्या दोन वर्षं आधी, आणि तेव्हापासून ती भावाकडे राहत होती. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर शेजाऱ्यांनी आपापला संसार मांडलेला. एकाची चपलांची मांडणी, एकाची सायकल, एकीच्या कुंड्या. त्या सायकलीत पाय अडकून ताई पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाच महिने झाले, ती खाली उतरली नव्हती. सायकल अजून तिथेच होती. खवचटरावांनी सायकलवाल्याला दोनदा झापलं होतं. दोन्ही वेळा तो "हो, हो, काढतो" म्हणाला होता.

मंडळ लवकरच तळमजल्यावरची चोवीस घरं दिव्यांगांसाठी काढणार होतं. अर्ज फक्त साइटवर. ताईने ते ऐकल्यापासून दुसरा विषय नव्हता. "दार उघडलं की रस्ता," ती म्हणायची. "मला दुसरं काही नको. सकाळी उठून स्वतःचं दूध स्वतः आणेन."

"मी भरतो ना तुझा अर्ज."

"तू नाही. माझं घर, माझा अर्ज. तू साइट नीट कर, म्हणजे झालं."

खवचटराव कामाला लागले. चारशे बारापैकी जवळजवळ चारशे चित्रांत साहेब होते. आधी त्यांनी सरळ लिहून पाहिलं: साहेब फीत कापताना. साहेब झाड लावताना. दहा-बारा चित्रांनंतर त्यांना स्वतःचीच शिसारी आली. मग त्यांच्या लक्षात आलं की हे पडद्यावर दिसणार नाही. साहेब ते कधी वाचणार नाहीत, नऊ माना वाचणार नाहीत, बादलीवाल्या खोलीबाहेरचं कुणीच वाचणार नाही. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःची वाक्यं लिहायला मोकळं रान मिळालं.

"साहेब फीत कापताना. कात्री बोथट असावी, चेहऱ्यावर फार जोर दिसतो." "सात माणसं एका रोपाला पाणी घालताना. रोप वीतभर. हे पाणी त्याला पचणार नाही." "साहेब एका बांधवाला चाकांची खुर्ची देताना. बांधव आणि खुर्ची दिसत नाहीत, पुढे साहेब उभे आहेत." "नव्या इमारतीचा उतार. उताराच्या शेवटी एक पायरी आहे. ती का आहे हे विचारू नये."

रोज संध्याकाळी ताई फोनवर त्या दिवशीची वर्णनं ऐकायची आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिने ती न दिसणाऱ्या मंडळींच्या फोनवरच्या गटात सांगितली. आठवड्याभरात शहरातले कितीतरी आंधळे लोक घरं बांधणाऱ्या मंडळाची साइट करमणुकीसाठी ऐकायला लागले. खवचटराव खूश. पन्नाशी उलटल्यावर त्यांना वाचक मिळाले होते, तेही डोळे नसलेले, आणि ऑफिसातल्या डोळसांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या चालण्यात थोडी ऐट आली.

तेवढ्यात साहेबांची पानं आली. साइटच्या डोक्यावर पान, तळाशी पान, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पान. इंजिनिअरबाईने वाद घातला, तिचं कोण ऐकणार. बहात्तर ठिकाणी पानं लागली, आणि आणखी बहात्तर वर्णनं लिहायची वेळ खवचटरावांवर आली. त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी एकच ओळ लिहिली: "साहेबांची हौस. दुर्लक्ष करावे."

"सगळ्या पानांना हेच लावू?" इंजिनिअरबाईने विचारलं. "एकदा यादी बघून घ्या."

यादीत एकाखाली एक बहात्तर पानं होती, प्रत्येक नखाएवढं. खवचटरावांनी वरून खाली एकदा नजर फिरवली. "पान ते पान," ते म्हणाले. "त्यात काय वाचायचंय? लाव."

ती ओळ गटात सगळ्यात गाजली. लोकांच्या घरी नको असलेला पाहुणा आला की लोक एकमेकांना तीच ऐकवू लागले.

अर्ज सुरू झाले. ताईने दोन दुपारी बसून आपला अर्ज भरला. खवचटराव ऑफिसात होते, आणि असते तरी तिने त्यांना जवळ येऊ दिलं नसतं. जन्मतारीख, दाखला क्रमांक, सध्याचा मजला, फोनने एकेक रकाना वाचला, तिने एकेक भरला. शेवटी फोन म्हणाला, "आपण सर्व माहिती भरली आहे. धन्यवाद." त्याच्याखाली पुन्हा तेच साहेब आणि त्यांची हौस. ताई हसली, तिने दुर्लक्ष केलं आणि फोन बाजूला ठेवला. संध्याकाळी भाऊ घरी आला तेव्हा ती म्हणाली, "झाला माझा अर्ज. कुणाच्या मदतीशिवाय." तिच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून खवचटरावांना भरून आलं.

महिन्याने यादी लागली. चोवीस घरं, एकोणीस नावं. पाच घरं रिकामी राहिली होती, आणि ताईचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खवचटराव जिन्याखालच्या खोलीत शिरले ते भांडायच्या तयारीनेच. "घातलात ना घोळ," ते इंजिनिअरबाईला म्हणाले. "माझ्या बहिणीने अर्ज भरलाय. या मंडळात एक काम धड होईल तर शपथ. पाट्या टाकणारे सगळे."

तिने संगणकावर शोधलं. ताईचा अर्ज होता. शेवटच्या रकान्यापर्यंत भरलेला, एकही चूक नाही. फक्त सादर केलेला नव्हता. "असे अकरा आहेत," ती म्हणाली. "सगळे पूर्ण भरलेले आणि सगळे तिथेच थांबलेले. अकराही जण न दिसणारे."

"तिथे म्हणजे कुठे?"

तिने अर्जाचा शेवटचा भाग उघडला. धन्यवादाच्या खाली एक हिरवं पान होतं आणि त्याच्या पोटात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सादर करा. साहेबांच्या हुकमावरून नेहमीचं बटण काढून हे पान लावलं होतं. डोळसांनी ते पाहिलं आणि दाबलं. न दिसणाऱ्यांना काय करायचं ते खवचटरावांनी लिहूनच ठेवलं होतं.

त्यांनी पानांची यादी पुन्हा मागवली. एकेचाळिसावं पान. मोठं करून पाहिलं असतं तर अक्षरं स्वच्छ दिसली असती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काना-मात्रांवर तुटून पडलेल्या माणसाने आपल्या हाताखालची दोन शब्दांची ओळ वाचली नव्हती, आणि का, तर ती साहेबांची होती म्हणून. जगातल्या सगळ्या गाढवांची नावं ज्याला पाठ, त्याला स्वतःचं आठवलं नव्हतं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे अर्जदारांनी अर्ज सादर केला नाही," ते म्हणाले. "अर्जदारांची चूक. मंडळाचा संबंध नाही. कालच आपल्या साइटला दिव्यांगस्नेही म्हणून प्रमाणपत्र मिळालंय. विषय संपला." पानामागचं वर्णन काय होतं ते त्यांनी विचारलं नाही. सांगायची संधी होती, खवचटरावांनी सांगितलं नाही. नऊ मानांमध्ये त्या दिवशी दहावी हलली.

पण घरी सांगावंच लागलं. ताई पलंगावर बसून ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी तुझं ऐकलं रे," ती म्हणाली. "तू दुर्लक्ष कर म्हणालास, मी केलं. मला त्या साइटवर दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता."

"माझं चुकलं, ताई."

"चुकलं ते कळलं मला. साहेबाला माझी फिकीर नाही, हे मला माहीत होतं. तुला आहे असं वाटलं होतं. तुला त्याची टर उडवण्यात जास्त रस होता."

खवचटराव खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"आता करता काय येईल ते सांग," ती म्हणाली.

नियम त्यांना पाठ होता, त्याचं मुद्रित त्यांनीच तपासलं होतं. यादी लागल्यापासून आठ दिवसांत अर्जदाराने लेखी तक्रार केली, आणि चूक मंडळाच्या माणसाची असल्याचं त्यात ठरलं, तर अर्ज धरावाच लागतो. पाच घरं अजून रिकामी होती.

"माणसाचं नाव लिहावं लागेल?"

"हो."

"मग माझी तक्रार मी आजच लिहिते," ताई म्हणाली. "तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा सांग, नियमात बसेल असं. आणि बाकीच्या दहा जणांना फोन कर. त्यांना वाटतंय त्यांचे अर्ज गेलेत आणि नंबर लागला नाही."

"दहा आणि तू, म्हणजे अकरा. घरं पाच आहेत, ताई. त्यांना कळलं तर तुझं—"

"फोन कर."

त्यांनी इंजिनिअरबाईकडून आकडे मागून घेतले. ताई समोर बसून राहिली. पहिला फोन टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी उचलला. खवचटरावांनी मंडळाचं नाव सांगितलं, तसे ते गृहस्थ एकदम खुलले.

"मंडळातून बोलताय? अहो, मग मला आधी एक सांगा, ती चित्रांची वर्णनं तुमच्याकडे कोण लिहितं? काय माणूस आहे हो! आमच्यासाठी एवढं मन लावून आजवर कुणी काही लिहिलं नव्हतं. अर्ज गेला तर गेला, नंबर नाही लागला, पण त्या माणसाला एकदा भेटायचंय मला."

"मीच तो," खवचटराव म्हणाले.

"काय सांगता!" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "अगं, इकडे ये, तो वर्णनवाला फोनवर आहे. थांबा हं, ही पण तुमची चाहती आहे. दोघांना ऐकू येईल असं करतो."

मागून एका बाईंचं हसू आलं. त्या म्हणाल्या, "काहीतरी ऐकवा ना आम्हाला."

खवचटरावांनी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा त्यांच्याकडे वळलेला होता आणि ती वाट पाहत होती.

"तुमचा अर्ज गेलेलाच नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे. तुम्हाला माझ्याविरुद्ध तक्रार करायची आहे, शुक्रवारच्या आत. कसं लिहायचं ते मी सांगतो."

पलीकडचं हसू लगेच थांबलं नाही. हीसुद्धा त्यांची गंमतच असणार, असं त्या दोघांना वाटलं होतं.