तिरप्या काठाची शिंपली

"एका शिंपलीसाठी गोंदिया? काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" सातारा स्टेशनवर सोडताना पुतण्यानं विचारलं. मी पिशवी उचलून गाडीत चढलो. माझी बायको सुमन गेल्यापासून असं विचारणारी माणसं वाढली आहेत.

शिंपली सुमनची. लग्नानंतर माहेरहून आणलेली. चाळीस वर्षं ती दुधाच्या पातेल्याची खरवड त्या शिंपलीनंच काढायची. गेल्या महिन्यात माझ्या हातून पडून शिंपलीचे दोन तुकडे झाले. तिचा काठ एका बाजूनं तिरपा होता. तशी दुसरी फक्त सुमनच्या गावच्या तलावात मिळणार, असं मी ठरवूनच टाकलं.

कोहमाऱ्याला बस बदलायची होती. धाब्यावर वरणभात मागवला. "अकेले हो ना?" म्हणत पोऱ्या समोरची खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला घेऊन गेला. वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, पण वाटलं.

गावात सुमनचं कुणी उरलेलं नव्हतं. तलाव होता, पाणी बरंच आटलेलं. चिखलात उतरलो आणि एक चप्पल गमावून बसलो. शिंपल्या ढीगभर. कुठे हिरवट, कुठे काळपट, एखादी फुगीर, एखादी लांबट, रेघाही प्रत्येकीच्या निराळ्या. तिरपी मात्र एकही नाही. तासाभरात रडकुंडीला आलो.

"काऊन जी भाऊ, काय धुंडून (शोधून) राहिले?" काठावर जाळं वाळवणाऱ्या म्हातारीनं विचारलं.

मी रुमालातले तुकडे दाखवले, सुमनचं नाव सांगितलं.

"अगा माय, मंग तुमी त गावचे जवाई!" तिनं तुकडे जुळवले, काठावरून बोट फिरवलं आणि हसली. "अशी शिंपली पाण्यात नाई होत जी. हे त घासून घासून झिजली. डाव्या हातानं खरवडे का सुमन?"

सुमन डावखुरी होती. जेवताना तिचं कोपर लागतं म्हणून मी आयुष्यभर कुरकुरलो, आणि काठ तिच्याच हातानं झिजला, हे मला एका परक्या बाईनं सांगावं लागलं. मी तिथेच बांधावर बसून रडलो. म्हातारी जाळं सोडून शेजारी बसली. निघताना तिनं एक सरळ काठाची शिंपली हातात ठेवली. "घासत राहा जवाई. होते तिरपी."

घरी येऊन रोज खरवडतो. तलावातली प्रत्येक शिंपली निसर्गानं वेगळी केली, मला हवी होती ती सुमननं. चाळीस वर्षं काही माझ्यापाशी नाहीत. परवापासून मी डावा हात वापरतो. जमत नाही. निम्मी खरवड पातेल्यालाच राहते.